सकाळी अडणारी बंदूक

२७ नोव्हेंबर १९६४, शुक्रवार

ही डायरी गेल्या सालची आहे. बू-सैफ या अरब व्यापाऱ्याच्या पेढीवरचे मुन्शी अलीमियाँ यांच्याकडे कोरी पडून होती, ती त्यांनी अब्बांना दिली, अब्बांनी मला. छापलेला वार चुकतो, तो खोडून मी खरा लिहिते.

मी हाफिजा. वय पंधरा. दाभोळच्या मराठी शाळेत सहावी झाली. सातवीला बसायच्या आधीच अब्बांनी अम्माला आणि मला बोटीने इकडे दुबईला आणलं. इकडे मराठी शाळा कुठली? घरात आम्ही कोकणी बोलतो, बाजारात हिंदी चालते, अरबी कानावर पडते ती अर्धी कळते. लिहायला मात्र मराठीच येतं. विसरायला नको म्हणून लिहायचं.

बोलायचं म्हटलं तर माझी पंचाईत आहे. परकं माणूस आलं की माझा आवाज पोटात जातो. अम्मा म्हणते, "काय गो, जिभेला कुलूप घातलंस काय? अब्बांकडून उघडून घे." कारण अब्बा कुलपंही उघडतात. कुलपं, प्रायमस, शिवणयंत्रं, होडीची इंजिनं, बंदुका. इथे देरा भागात लियाकत उस्ताद म्हटलं की कुणीही दुकान दाखवील. पुढे दुकान, मागे आमची खोली, मध्ये गोणपाटाचा पडदा, वर खजुरीच्या झापांचं छप्पर. जागा बू-सैफची. कागद नाही, काही नाही. "उस्ताद, बैठो," एवढंच ते म्हणाले होते.

काल वाळूचं वादळ झालं. भातात वाळू, अंथरुणात वाळू, कानात वाळू. आज अम्माने दुकान आणि खोलीच्या मधलं सामानाचं फळकूट उतरवून सगळं पुसलं आणि नव्याने लावलं. म्हणाली, "रोज मीठ काढायला ग्रीसचा डबा हलवायचा, कटकट नुसती."

जुम्म्याच्या नमाजनंतर बू-सैफ स्वतः आले. दारातूनच म्हणाले, "अना बू-सैफ." म्हणजे मी बू-सैफ. आमच्या दुकानात आले की दर वेळी आधी नाव सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाला नाव सांगायची काय गरज, अख्खा बाजार ओळखतो. मोठ्यांची सवय असेल एकेक.

हातात बंदूक होती. छऱ्याची, बेल्जियमची. मोत्यांच्या धंद्यात होते तेव्हा मुंबईत घेतलेली. ती एक बार झाला की रिकामं काडतूस आपणहून बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. घेत होती, असं म्हणायला हवं. परवा बहरीनचे पाहुणे घेऊन शिकारीला गेले, तर एक बार झाला आणि रिकामं काडतूस तोंडातच अडकलं. हुबारा पक्षी समोरून चालत गेला म्हणे. उडालाही नाही.

"उस्ताद, मेहमान लोग हंसा," बू-सैफ म्हणाले. "पक्षी भी हंसा."

अब्बा हसले नाहीत. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला, आई तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवते तसा.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज बंदूक खोलली. हल्ली अब्बा मला जवळ बसवून घेतात. स्वतः डोळे मिटून बसतात आणि मला सांगतात, हे बघ, ते बघ. मी विचारलं, डोळे का मिटता? म्हणाले, "कान उघडे ठेवायला." मला शिकवायची त्यांची ही पद्धत आहे. आमच्या गुरुजींपेक्षा बरी. गुरुजी डोळे मिटायचे ते झोपायला.

पुढचं लाकूड काढलं की नळीखाली एक लांब नळकांडं असतं, त्यावर जाड स्प्रिंग. स्प्रिंगच्या डोक्याला दोन कड्या, एक पितळेची आणि एक लोखंडी. बार झाला की नळी या स्प्रिंगवर मागे सरकते आणि कड्या तिला ब्रेक लावतात.

"काडतुसावर काय लिहिलंय, वाच," अब्बा म्हणाले. मी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचली. हलकी काडतुसं निघाली.

"आणि लोखंडी कडी कुठे आहे?"

"पुढे. पितळेच्या कडीला लागून."

अब्बांनी मांडीवर थाप मारली. "मग काय होणार! भारी काडतुसाचा ब्रेक लावून ठेवलाय आणि आत हलकं घालतात. नळी पुरती मागे जातच नाही, तर काडतूस बाहेर पडणार कसं? ती कडी काढ आणि स्प्रिंगच्या मागे घाल, पार तळाला."

मी घातली. मीच! अब्बांनी वर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "शाबास, हाफू."

मग मागचा दस्ता, खांद्याला टेकतो तो, काढला. त्याच्या आत एक लांब नळी आहे, तिच्यातली स्प्रिंग बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या लोखंडी तुकड्याला, परत पुढे ढकलते. ती केरोसीनने धुतली. तेवढ्यात कुणी मोटार-होडीवाला आला आणि मी पडद्यामागे गेले. तो जाईपर्यंत अब्बांनी तेल घालून दस्ता बसवलाही होता. "खाऱ्या हवेत तेल सढळ हाताने घालावं," म्हणाले.

आज मी एक गोष्ट नीट केली. अल्लाचे शुक्र.

३ डिसेंबर, गुरुवार

दुपारी समुद्रावर बंदूक चालवून बघितली. बू-सैफ, त्यांचा ड्रायव्हर मुबारक, अलीमियाँ, अब्बा. अब्बांनी मलाही नेलं. मी बुरख्यात, गाडीआड उभी. धाड, धाड, धाड! रिकामी काडतुसं उजवीकडे टणाटण उडाली. बू-सैफनी अब्बांना मिठी मारली.

मग मुबारकने थर्मासमधला चहा ओतला. बू-सैफनी पेला अब्बांच्या समोर नाही ठेवला. त्यांचा हात धरून पेला हातात दिला आणि बोटं पेल्याभोवती मिटवली. अलीमियाँना मात्र म्हणाले, "तेरा उधर है, उठा ले." अरबांत कारागिराला असा मान देतात वाटतं. मला फार बरं वाटलं.

६ डिसेंबर, रविवार

बंदूक परत आली.

काल पहाटे बू-सैफ बिनापाहुण्यांचे गेले होते, नुसतं बघायला. पहिला बार झाला आणि बोल्ट मागे गेला तो मागेच. हळूहळू पुढे आला म्हणे, म्हाताऱ्यासारखा, आणि दुसरं काडतूस अर्ध्यात चेपलं.

बंदूक घेऊन अलीमियाँ आले. हे आमच्याच बाजूचे, मुरुडचे, पण बोलणं असं की कानात खडे टाकल्यासारखं.

"काय लियाकत, बंदूक दुरुस्त केलीस की तिला समजावलंस नुसतं?"

अब्बा म्हणाले, "बघतो पुन्हा."

"बघ बघ. शारजाला छावणीत एक गोरा मिस्त्री आहे, त्याच्याकडे मशीन आहे तपासायचं. मी अर्बाबना तेच सांगतोय. आणि ही जागाही... माझा मेहुणा येतोय पनवेलहून. ट्रान्झिस्टर विकणार. आता ट्रान्झिस्टरचे दिवस आहेत, प्रायमस कोण सांधतो?"

अर्बाब म्हणजे मालक, बू-सैफना सगळे तेच म्हणतात. मी पडद्यामागे मूठ आवळून बसले होते. माझ्या पोटात खूप उत्तरं होती. एकही वर आलं नाही.

ते गेल्यावर अम्माने हळू आवाजात विचारलं, "जागा गेली तर?"

"तर दाभोळ," अब्बा म्हणाले.

दाभोळला आमचं आता काही नाही. घर चुलत्यांकडे आहे आणि चुलती आम्हाला बघून दारात पाणी टाकते.

८ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा सगळं खोललं. कड्या बरोबर. पितळेची कडी झिजलेली नाही. काडतुसं कोरडी, फुगलेली नाहीत. काडतूस उचलणारी पट्टी वाकडी नाही. मी एकेक बघून सांगत होते, अब्बा डोळे मिटून हं, हं करत होते. दुपारी पंचवीसदा हाताने बोल्ट ओढून सोडला, पंचवीसदा खटकन पुढे.

"मग अडते कशाला?" अब्बा स्वतःशीच म्हणाले.

शेवटी दस्त्यातल्या स्प्रिंगवर संशय घेतला. जुनी आहे, थकली असेल. ती किंचित ताणली. मी पाण्याची घागर भरून आले तोवर त्यांनी तेल घालून सगळं बंद केलं होतं. या वेळी आणखी जास्त घातलं असं म्हणाले.

अब्बांचे डोळे लाल होते. वाळू जाते म्हणाले. वादळ तर होऊन गेलं.

१२ डिसेंबर, शनिवार

पुन्हा अडली. या वेळी पाहुण्यांसमोर.

रमजान लागायच्या आधीची मोठी शिकार पुढच्या आठवड्यात आहे. तेव्हा कुवेतचे व्यापारी येणार. अलीमियाँ सांगून गेले की बुधवारी बंदूक शारजाला जाईल. जागेचं बोलले नाहीत, पण जाताना पावलांनी दुकानाची रुंदी मोजली.

अब्बा जेवले नाहीत. अम्माने मच्छीचं कालवण केलं होतं. मी दोन घास खाल्ले आणि मला लाज वाटली की मला भूक लागते.

१३ डिसेंबर, रविवार

मुबारक एक कुलूप घेऊन आला. अब्बा नमाजला गेले होते. अम्मा पडद्यातून त्याच्याशी बोलली. मुबारक गप्पिष्ट आहे, एक विचारलं की दहा सांगतो. तो म्हणाला, "उस्तादको बोलो गम नहीं करना. बंदूक अच्छा है. सुबह में शैतान बैठता उसमें. दोपहर को हम डब्बा रखके मारा, धडाधड, धडाधड! खलास, शैतान चला गया."

अम्मा हसली. मी नाही हसले. सकाळी अडते आणि दुपारी चालते? आणि समुद्रावर चालली तीही दुपारीच. अब्बा हाताने बोल्ट ओढतात तेही दुपारी.

सकाळी असं काय असतं जे दुपारी नसतं?

१४ डिसेंबर, सोमवार

आज काय झालं ते सगळं लिहिते.

सकाळी गारठा होता. अंग धुतल्यावर केसांना लावायला मी फळकुटावर हात घातला. खोबरेलाची बाटली उजव्या टोकाला असते, दाभोळहून मामूने बोटीवरून पाठवलेली. उजव्या टोकाला हात घातला तर मशीनच्या तेलाची बाटली हाताला आली, काळपट. दोन्ही बाटल्या सारख्याच आहेत, सरबताच्या. मग मी डाव्या टोकाला बघितलं. खोबरेल तिथे. वादळानंतर अम्माने बदललं होतं. अम्मा चुलीपाशी बसते, तिला खोबरेल डावीकडे हाताशी पडतं. तेव्हापासून मी अम्माकडूनच तेल लावून घेत होते, म्हणून मला कळलंच नव्हतं.

मी डावीकडची बाटली उचलली आणि उलटी केली. तेल पडेना. पांढरं, मेणासारखं, थिजलेलं. थंडीत थिजतंच खोबरेल, गावालाही थिजायचं. अम्मा चुलीपाशी ठेवते, मग विरघळतं. दुपारी तर आपणहून पाणी होतं.

बाटली हातात धरून मी उभी राहिले. सकाळी थिजतं. दुपारी पातळ होतं.

डावीकडच्या टोकाला आधी मशीनचं तेल असायचं. अब्बा नेहमी डावीकडे हात घालतात, न बघता.

न बघता कसं, हे मला तेव्हा कळलं. एक तेल काळपट आहे आणि एक पाण्यासारखं. कुणालाही दिसेल. अब्बांनी उजेडात दोनदा घातलं, दोन्ही वेळा त्यांना दिसलं नाही.

मी अम्माकडे गेले. अम्माने बाटली बघितली, माझं तोंड बघितलं. म्हणाली, "बस इथे." मग हळूच सांगितलं. अब्बांच्या डोळ्यांवर पडदा येतोय, वर्षापेक्षा जास्त झालं. उजव्याने उजेड नि सावली दिसते, डाव्याने थोडं आणखी. बाकी सगळं हाताने आणि कानाने चालतं.

"वासही आला नाही त्यांना?"

"वास कसला येणार गो? त्यांच्या डोक्याला तेच, तुझ्या वेणीला तेच, उशीला तेच. घरभर खोबरेलच तर आहे."

मग तिने माझा हात धरला. "कुणाला बोलू नकोस. आंधळ्या उस्तादाकडे कोणी कुलूपसुद्धा आणणार नाही. अर्बाबना कळलं तर जागा गेलीच समज."

म्हणजे मला जवळ बसवत होते ते शिकवायला नव्हे. मी खूप रडले. मग वाटलं, शिकले तर खरं.

१५ डिसेंबर, मंगळवार

सकाळीच अब्बांच्या हातात बाटली दिली. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "ओता."

त्यांनी उलटी केली. काही पडेना. बोट आत घातलं, चोळलं, नाकाशी नेलं. मला वाटलं आता रागावतात.

"हाफू," म्हणाले, "मी बंदुकीला चंपी केली गो. दोनदा!"

आणि हसायला लागले. अम्माही. मग मीही. हसता हसता अब्बांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आज कोणी वाळूचं नाव काढलं नाही.

पण बंदूक बू-सैफकडे आहे. उद्या ती शारजाला जाणार. गोरा मिस्त्री दस्ता काढील, आत खोबरेल सापडेल. मग अलीमियाँ अख्ख्या बाजाराला सांगतील. अब्बा म्हणाले, "मीच जाऊन सांगतो खरं काय ते." अम्मा म्हणाली, "नाही." दोघं भांडली. मी मध्ये बसून होते.

१६ डिसेंबर, बुधवार

अल्ला, माझा आवाज कुठून आला?

सकाळी दारात मोटार थांबली. "अना बू-सैफ." बंदूक घेऊन स्वतः आले होते, मागे अलीमियाँ. बू-सैफ म्हणाले की शारजाला निघालोय, पण न सांगता जाणं बरोबर नाही, म्हणून आधी इथे. केवढी अदब. अब्बा उठले, म्हणाले, "अर्बाब, मेरी एक गलती..."

आणि मी पडद्याआडून बोलले. मोठ्याने. "सुबह को अटकती है ना? दोपहर को नहीं अटकती ना?"

अलीमियाँ म्हणाले, "हे कोण?"

बू-सैफ म्हणाले, "अटकती है सुबह. बोल बेटी."

मी म्हटलं, "अंदर तेल है. पुराना तेल. ठंडी में जम जाता है, स्प्रिंग को पकड़ता है. धूप में पिघलता है, तो चलती है. केरोसीन से धोके, सुखाके, एकदम थोड़ा तेल डालना. बस."

"पुरानं तेल?" अलीमियाँ म्हणाले. "पंधरा दिवसांत दोनदा खोललीत ना बंदूक? मग पुरानं कुठून आलं?"

मला वाटलं, संपलं.

बू-सैफनी दस्त्याचा मागचा स्क्रू स्वतःच्या खंजिराच्या टोकाने सैल केला. सांधा नाकाशी नेला. डोळे मिटून वास घेतला, एकदा, दोनदा. मग त्यांच्या दाढीत हसू आलं.

"मोहम्मद अली रोड," ते म्हणाले. "बारा साल रहा मैं उधर. सुबह को नाई की दुकान से ऐसा ही खुशबू आता था." मग अलीमियाँकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "पुराना तेल है. बहुत पुराना. बंबई से ही आया होगा बंदूक के साथ."

"पण अर्बाब..."

"खलास, अलीमियाँ. यल्ला, शारजा नहीं जाएगा."

आणि बंदूक अब्बांच्या हातात दिली, हात धरून.

वाचलो! त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. मुंबईची आठवण निघाली आणि ते तिच्यातच रमले. अल्लाने बरोबर त्या वेळी त्यांना न्हाव्याचं दुकान आठवून दिलं, त्याचे कितीही शुक्र मानले तरी कमीच.

१८ डिसेंबर, शुक्रवार

काल दिवसभर धुलाई केली. मी करत होते, अब्बा बोटांनी तपासत होते. दस्त्यातली नळी केरोसीनने धुतली, काडीला फडकं गुंडाळून पुसली, पुन्हा धुतली. पांढरा गोळा निघाला लोण्यासारखा. अम्मा म्हणाली, "एवढ्यात महिनाभर वेण्या झाल्या असत्या." पितळेच्या कडीखालचं नळकांडंही कोरडं केलं. अब्बा म्हणाले, तिथे तेल असलं तर ब्रेक घसरतो. मग मशीनच्या तेलाचा नुसता हात. अब्बांनी मला बाटली ओळखायला लावली, आणि त्यात त्यांना लाज वाटली नाही. मला ते आवडलं.

बंदूक बाहेर गारठ्यात ठेवली आणि आज पहाटे फजरच्या नमाजनंतर मुबारकसोबत समुद्रावर गेलो. पाणी करडं होतं, तोंडातून वाफ येत होती. खोबरेलाची बाटलीही मी बरोबर नेली होती, थंडी पुरेशी आहे की नाही बघायला. ती दगडासारखी थिजली होती.

अब्बांनी समुद्राकडे तोंड करून बार काढला. धाड. धाड. धाड. धाड.

"कुठे पडली?" अब्बांनी विचारलं.

"उजवीकडे. सगळी. लांब."

"आवाज ऐकलास बोल्टचा? खट. मध्ये कुठे ओढ नाही."

मुबारक नाचला. "शैतान भाग गया!" मी बाटली बुरख्याखाली लपवली.

१९ डिसेंबर, शनिवार

आज शबेबरात. अम्माने रव्याचा हलवा केला, बू-सैफच्या घरी थाळी पाठवली. उद्या पहाटे ते कुवेतच्या लोकांना घेऊन निघणार. मी बंदुकीसाठी दुआ मागितली. बंदुकीसाठी दुआ मागतात का, अम्माला विचारलं नाही.

२३ डिसेंबर, बुधवार

मुबारक आला! हातात दोन हुबारा, पाय बांधलेले, हलाल केलेले. पहाटेच्या पहिल्या बारापासून बंदूक एकदाही अडली नाही. कुवेतच्या व्यापाऱ्याने ती विकत मागितली. बू-सैफ म्हणाले, बंदूक घे, पण मग उस्तादही घ्यावा लागेल, आणि उस्ताद मी देणार नाही. अलीमियाँचा मेहुणा सध्या पनवेललाच राहणार आहे म्हणे.

आणखी एक गोष्ट पाठवली, बंदुकीच्या तेलाचा डबा, परदेशी, नवाकोरा. त्याच्या मानेला सुताची जाड दोरी गुंडाळलेली आणि तिला गाठी मारलेल्या, एकापुढे एक, घट्ट. खिळ्याला अडकवायला असेल. पण फास नाही, नुसत्या गाठी. मी ती सोडवायला घेतली, दोरी चांगली होती, वाळत घालायला झाली असती. अब्बांनी विचारलं, "काय करतेस?" मी सांगितलं. त्यांनी डबा मागून घेतला. गाठींवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"राहू दे," म्हणाले. "ही दोरी सोडायची नाही."

मग डबा मांडीवर घेऊन बसले. अम्माला म्हणाले, "जुलेखा, तो माणूस..."

हुबाराचं अम्माने आपल्या पद्धतीने नारळ वाटून कालवण केलं. अब्बा म्हणाले, "शेवटी यालाही खोबरं लागलंच!"

२५ डिसेंबर, शुक्रवार

आज अलीमियाँ निरोप घेऊन आले, तोंड वाकडं करून. मुंबईहून डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर आलेत, काही दिवस इस्पितळात तपासणार आणि ऑपरेशनही करणार. बू-सैफना त्यांच्या म्हाताऱ्या आईला दाखवायचंय. आईला फक्त अरबी येतं, तेव्हा लियाकत उस्तादांनी दुभाषी म्हणून बरोबर यावं.

"मी काय मेलोय?" अलीमियाँ म्हणाले. "माझी अरबी बघ, याची अरबी बघ. मी म्हटलं अर्बाबना, मी जातो. तर म्हणे, नहीं, उस्तादच. आणि उस्तादने डॉक्टरसमोर बसावं, आई मागे बसेल. तीनदा सांगितलं मला. डोळे आईचे आणि समोर बसणार हा!"

खरंच, अब्बांची अरबी मोडकीच आहे. पण मोठ्या माणसाचा विश्वास बसला की असा बसतो. एका बंदुकीने केवढं काम केलं.

अब्बांनी पांढरा सदरा काढायला सांगितला. अम्माने तो इस्त्री केला आणि मग जानमाज पसरून शुक्राण्याची नमाज पढायला उभी राहिली. मी म्हटलं, अजून गेलेसुद्धा नाहीत ते, आत्तापासून कसली?

मग मला एक युक्ती सुचली. अब्बांना एकटं गाठून मी कानात सांगितलं, "अब्बा, तिथे जाताच आहात, तर म्हातारीचं झालं की हळूच तुमचेही डोळे दाखवून घ्या. डॉक्टर आपल्याकडचेच. बू-सैफना कळायलासुद्धा नको."

अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"बरी अक्कल चालवलीस," म्हणाले. "तसंच करतो."

उद्या सकाळी मोटार येणार आहे. इतकं नशीब एकदम आमच्या वाट्याला आलं आणि वेळेवर मला ही युक्ती सुचली, त्याचेही शुक्र.